सातशे पानांना सात दिवस: वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
आपले वाचनालय, सोलापूर.

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या वाचनालयाची एकतीस वर्षांची सभासद आहे. लग्न होऊन सोलापुरात आले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सासऱ्यांनी अनामत भरून माझ्या नावाचं कार्ड काढून दिलं. नव्या घरात माझ्या नावावर आलेली ती पहिली वस्तू होती. पुढे बँकेत नोकरी केली, दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं आजारपण काढलं, आणि या सगळ्यात देवघेवीच्या खिडकीशी दर आठवड्याला उभी राहत आले. म्हणून हे पत्र लिहिताना परकेपणा नाही. राग आहे, आणि तो आपल्या माणसांवरचा आहे.

मागच्या महिन्याच्या बैठकीतला ठराव फलकावर वाचला. ‘त्या’ लांबलचक रहस्य कादंबरीबद्दल वाचकांत एकमत नसल्याने तिची दुसरी प्रत घेऊ नये, आणि पाचशे पानांवरच्या रहस्यप्रधान कादंबऱ्यांची खरेदी तूर्त थांबवावी, असं त्यात आहे. त्याच आठवड्यात त्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला अभिप्रायांचा कागद काढून टाकण्यात आला. कारण विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘भांडणं नकोत.’

कादंबरीचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तिच्यासाठी अजून अकरा जण नंबर लावून बसले आहेत, आणि पुढे मी जे लिहिणार आहे त्यातून त्यांना एखादा धागा लागला तर त्यांच्या वाचनाची माती होईल. मलपृष्ठावर छापलंय तेवढंच सांगते. नदीकाठच्या एका गावात सावकाराचा दिवाणजी एका रात्रीत नाहीसा होतो, आणि बावीस वर्षांनी त्याची मुलगी त्याचा शोध घ्यायला परत येते. पानं ७१२.

आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे मी या पुस्तकाची वकिली करते आहे असं कुणाला वाटायला नको. मला शेवट पटलेला नाही. शेवटच्या साठ-सत्तर पानांत लेखकाची दमछाक झाली आहे. सहाशे पानं ज्या माणसांना त्याने इतक्या सावकाशीने उभं केलं, त्यांना तो शेवटी ओळीने उभं करून एकेकाकडून कबुली वदवून घेतो. कागदावर मी तसं लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणेन. तरीही दुसरी प्रत यावी आणि तो कागद जागेवर जावा, यासाठी मी हे पत्र लिहिते आहे.

त्या कागदावर काय होतं ते मंडळातल्या किती जणांनी वाचलं, मला ठाऊक नाही. मी वाचलं आहे, अनेकदा.

नव्या पेठेत औषधाचं दुकान असलेल्या गृहस्थांनी पहिला अभिप्राय लिहिला होता. दुकान बंद करून रात्री साडेदहाला वाचायला बसायचे, पाच रात्रींत संपवलं. त्यांचं म्हणणं थेट होतं: यातली दोनशे पानं काढली तर काही बिघडणार नाही, नदीची वर्णनं तीनदा येतात, मधल्या भागात गोष्ट जागची हलत नाही. त्याखाली निवृत्त मराठीच्या बाईंनी लिहिलं की तक्रार लांबीची नाही, लबाडीची आहे. निवेदन करणाऱ्या मुलीला एक गोष्ट माहीत असते, ती आपल्याला चारशे पानं सांगत नाही आणि मग एकदम पुढे ठेवते. या प्रकारच्या लेखनात वाचकापासून धागा लपवायचा नाही, असा संकेत आहे. इंग्रजीत रोनाल्ड नॉक्स या पाद्री-लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियमच लिहून काढले होते, आणि तपास करणाऱ्याला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे, हा त्यांतला एक. बाईंनी तो नियम नेमका सांगितला होता. त्यांच्याखाली एका कॉलेजच्या मुलीने लिहिलं की गुन्हेगार कोण ते तिला दोनशेव्या पानाच्या आतच कळलं होतं, आणि तरीही पुस्तक खाली ठेववलं नाही. चित्रपट-दिग्दर्शक हिचकॉकने सांगितलेला टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला तिने दिला होता. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोटाच्या वेळी पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. माहीत असेल तर टेबलावरच्या साध्या गप्पासुद्धा पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकाव्या लागतात. म्हणजे बाई रहस्य शोधत होत्या आणि ही मुलगी उत्कंठा. एकच पुस्तक, दोघींच्या अपेक्षा वेगळ्या. याला भांडण म्हणायचं असेल तर चांगल्या वाचनालयात असं भांडण रोज व्हावं.

पण खरी रंगत आणली ती एका रात्रीच्या गाडीने. कादंबरीत एका प्रकरणात एक पात्र म्हणतं की त्या रात्री आपण आगगाडीने गाव सोडलं. खूप पुढे दुसरं पात्र सांगतं की त्या रात्री पुराचं पाणी रुळांवर होतं. (कुणाचं नाव लिहीत नाही, रांगेतल्या अकरा जणांनी निश्चिंत असावं.) औषधाच्या दुकानवाल्यांनी लिहिलं, ही लेखकाची चूक, एवढं लांबवलं की त्याचं त्यालाच आठवलं नाही. बाईंनी लिहिलं, चूक नाही, दोघांपैकी एक खोटं बोलतो आहे आणि लेखकाने पेरलेला हा एकमेव प्रामाणिक धागा आहे. मग आपल्या वाचनालयात रोज सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येणारे रेल्वेतले निवृत्त गार्ड आले आणि त्यांनी बारीक अक्षरात दोन्ही मतं बाजूला सारली. पाणी रुळांवर आलं म्हणजे गाडी रद्द झालीच असं नसतं. पावसाळ्यात रात्रीची गस्त असते, गस्तीवाला पाणी बघून खबर देतो, पाणी फार नसेल तर चालकाला वेग कमी ठेवायची लेखी सूचना देऊन गाडी काढतात. त्यामुळे दोघंही खरं बोलत असतील, फक्त गाडी उशिरा सुटली असेल. आणि ती उशिरा सुटली असेल तर, त्यांनी लिहिलं होतं, ‘तिसऱ्याच एका माणसाकडे बघा.’

हे वाचल्यावर मी घरी जाऊन पुस्तक पुन्हा उघडलं. त्या तिसऱ्या माणसाकडे मी बघितलंच नव्हतं! लेखकाला हे अभिप्रेत होतं का, मला सांगता येणार नाही. पण चाळीस वर्षं हिरवा कंदील हलवलेल्या माणसाने माझ्यासाठी त्या कादंबरीत एक नवा रस्ता उघडला, तो आपल्या कागदावर, आपल्या वाचनालयात. तो कागद आपण काढलात.

आता ज्या अभिप्रायामुळे मी हे पत्र लिहायला बसले, त्याकडे येते. तो लिहिला शहराच्या पूर्वभागातल्या एका मुलीने, पण मत तिचं नव्हतं, तिच्या आईचं होतं. या मावशी विड्या वळतात. घरात तेलुगू बोलतात, मराठी बोलता-समजता येतं, वाचता येत नाही. मुलीने आईला ही कादंबरी रोज वीसेक पानं वाचून दाखवली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, हात चालू आणि कान मुलीकडे. सुरुवातीला पुस्तकाला मागणी नव्हती म्हणून सात दिवसांची मुदत चार वेळा वाढवून मिळाली, पस्तीस दिवसांत पुस्तक झालं. मावशींचं मत असं: मधला भागच सगळ्यात चांगला. का, तर तिथे घाई नाही, माणसं घरात कशी वागतात ते दिसतं, आणि खोटं घरातल्या वागण्यात पकडता येतं. ‘ती बाई खोटं बोलालीय ते मला ताटं मांडताना कळालं,’ असं मुलीने आईच्याच शब्दांत लिहिलं होतं. ज्यांनी डोळ्यांनी वाचलं त्यांतल्या कुणाच्याही नजरेला ती ताटं पडली नाहीत, माझ्याही नाही. ताटं त्या नदीच्या वर्णनांच्या बरोबर मध्ये आहेत, जिथे आम्ही सगळे पानं उलटत होतो. ऐकणाऱ्याला पान उलटता येत नाही.

मग मी एक उद्योग केला. कागद काढायच्या आधी तो आणि शेजारचा तारखांचा कागद एकमेकांशी ताडून पाहिला. ज्यांनी सात दिवसांत पुस्तक परत केलं त्यांतल्या बहुतेकांनी लिहिलं आहे: ‘मधला भाग रेंगाळतो’, ‘पाल्हाळ’, ‘कापायला हवं होतं’. ज्यांनी मुदत वाढवून घेतली त्यांतल्या दोघांनीच तसं लिहिलं. बाकीच्यांच्या तक्रारी आहेतच, शेवटाबद्दल, भाषेबद्दल, लपवाछपवीबद्दल. पण मध्याबद्दल नाहीत.

हिशेब साधा आहे. ७१२ पानं सात दिवसांत म्हणजे रोज १०२ पानं. एका पानाला दोन मिनिटं धरली तरी रोजचे जवळजवळ साडेतीन तास होतात. आपल्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, ते कधी रात्री येतं कधी पहाटे, आणि त्या दिवशी घरातल्या बाईचं वाचन होत नाही. कारखान्यात पाळी असणारा, दुकान चालवणारा, परीक्षा असणारा, कुणाला रोज साडेतीन तास मिळतात? मिळत नाहीत म्हणून माणूस धावतो. आठव्या दिवसापासून दंड, म्हणून सहाव्या दिवशी तो वर्णनं गाळायला लागतो. गोष्ट नेमकी जिथे श्वास घेते तिथे हा धापा टाकत पोचतो आणि म्हणतो, गोष्ट रेंगाळली. औषधाच्या दुकानवाल्यांशी मी हे बोलले. ते म्हणाले, ‘ताई, पुस्तक माझ्या मालकीचं असतं तर मी महिनाभर पुरवलं असतं.’ त्यांचं मत अजूनही तेच आहे की शंभर पानं कमी चालली असती. दोनशेची शंभर झाली, एवढा फरक मुदतीने पडला.

म्हणजे मंडळाने ज्या मतभेदांवर बोट ठेवून ठराव केला, त्यांतला मोठा भाग मंडळाच्याच सात दिवसांच्या नियमाने तयार केलेला आहे. हा नियम एकेकाळी बरोबर होता. मराठीत रहस्यकथा म्हटलं की हातात बारीकसं पुस्तक यायचं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांच्या गोष्टी एका रात्रीत वाचून सकाळी परत करायच्या, म्हणजे संध्याकाळी दुसरा भाग घरी. माझे सासरे मिलच्या पाळीवर जाताना एक पुस्तक नेत आणि येताना बदलून आणत. लांब रहस्य कादंबरीचा जीव वेगळा आहे, तिला पातळ पुस्तकाच्या मापाने मोजलं तर ती फुगलेलीच दिसणार.

हा वाद जुना आहे आणि मोठमोठ्यांनी घातलेला आहे. एडगर ॲलन पो, ज्याच्या १८४१ मधल्या कथेपासून गुप्तहेरकथेची सुरुवात मानतात, त्याने १८४६ मध्ये कवितेबद्दल लिहिताना म्हटलं होतं की वाचायला दोन बैठका लागल्या तर मध्ये जगाचे व्यवहार घुसतात आणि परिणाम एकसंध राहत नाही. आपले दुकानवाले पोच्या बाजूचे. आणि १८६८ मध्ये विल्की कॉलिन्स या इंग्रज कादंबरीकाराची ‘मूनस्टोन’ जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत एका साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. श्रीरंगपट्टणच्या लुटीतल्या हिऱ्याची ती गोष्ट लोकांनी सात महिने पुरवून वाचली. मधल्या प्रत्येक आठवड्यात जगाचे व्यवहार घुसतच होते, आणि त्या आठवड्यांत माणसं एकमेकांना विचारत असणार, चोर कोण? कवी टी. एस. एलियटने तिचा गौरव करताना तीन विशेषणं एकत्र वापरली: पहिली, सगळ्यात लांब आणि सगळ्यात चांगली. आपल्या मावशी कॉलिन्सच्या बाजूच्या. त्यांनीही हप्त्यांनीच ऐकली. लेकीने पुस्तक मिटल्यापासून दुसऱ्या दिवशी उघडेपर्यंत त्या गोष्टीबरोबर एकट्या असायच्या. मला वाटतं, गुन्हेगार त्यांना त्या वेळात सापडला.

आपल्या परंपरेतही मध्याला मान आहे. नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. त्यातल्या गर्भसंधीत हवी ती गोष्ट हाताशी येते, निसटते, पुन्हा शोधावी लागते. आणि निर्वहणात, म्हणजे शेवटी, अद्भुत रस हवा असं भरत सांगतो. मराठीच्या बाईंनीच मला हे समजावलं, आणि गंमत अशी की त्यांनी ते शेवटाविरुद्धचा पुरावा म्हणून सांगितलं होतं: इथे शेवटी विस्मय नाही, नुसती कबुलीजबाबांची फाईल आहे. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. पण मग गर्भ इतका भरलेला आहे हेही त्यांना मान्य करावं लागलं. आमचं अजून चालू आहे. पार्क चौकातून घरापर्यंत चालत जाताना तेवढाच विषय असतो.

ऐतिहासिक कादंबरी आठशे पानांची आली तर मंडळ तिच्या तीन प्रती घेतं, आणि तिच्याबद्दल एकमत आहे का, असं कुणी विचारत नाही. तो न्याय रहस्याला का नाही? ‘नुसतं रंजन’ हा शब्द बैठकीत वापरला गेला असं कानावर आलं. पूर्वभागातल्या एका घरात पस्तीस दिवस रोज मराठी पुस्तक मोठ्याने वाचलं गेलं. आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो, शाळांत फलक लावतो, सोलापुरात चार भाषा बोलणारी माणसं राहतात म्हणून भाषणांत अभिमान सांगतो. ते सगळं जे घडावं म्हणून करतो, ते एका रहस्य कादंबरीने गुपचूप करून दाखवलं.

पेन्सिलीचा प्रश्न मला ठाऊक आहे. कुणीतरी चाळिसाव्या पानाच्या समासात गुन्हेगाराचं नाव लिहून ठेवलं होतं, आणि ग्रंथपालताईंना ते खोडरबराने घासून काढावं लागलं. हा वाचकद्रोह आहे, दुसरा शब्द नाही. मंडळाचा संताप मला समजतो. पण समासात ज्याने लिहिलं त्याने कागदावर लिहिलं नव्हतं. कागदावर लिहिणाऱ्या एकानेही शेवट फोडलेला नाही, उलट प्रत्येक जण किती जपून लिहीत होता ते अक्षरावरून दिसतं. शिक्षा मात्र त्यांना झाली. आणि शेवटाबद्दल मोकळेपणी बोलायची ओढ असतेच, ती कुठेतरी सुटणार. त्यासाठी खिडकीशी एक वही ठेवा. पुस्तक परत करणाऱ्यालाच ती हातात द्यायची, घेऊन जाणाऱ्याला नाही. दोनशे पानी वही पुरेल. ग्रंथपालताईंना मी विचारलं, त्यांची तयारी आहे.

मुदतीचंही अवघड नाही. पाचशे पानांवरच्या पुस्तकाला, मग ते रहस्य असो वा इतिहास, एकवीस दिवस द्या. अकरा जण रांगेत असताना एकवीस दिवस म्हणजे शेवटच्याला सात-आठ महिने थांबावं लागेल, हे मलाही दिसतं. म्हणूनच दुसरी प्रत मागते आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांचे १९३१ मधले पाच नियम आपल्या कार्यालयात चौकटीत लावलेले आहेत. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांतला चौथा, आणि बैठकीत तोच पुढे केला गेला म्हणतात. त्या चौकटीत त्याच्या वर दोन ओळी आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. रंगनाथनांना वाचकाचे पुस्तक शोधण्यात जाणारे तास वाचवायचे होते. वाचण्यात जाणारे तास वाचवायला त्यांनी कुठेही सांगितलेलं नाही.

आपलं वाचनालय १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान घेतं. त्या अनुदानातला पैसा विडी वळणाऱ्या मावशींचाही आहे. त्यांचं मत एकमतात बसत नाही म्हणून ते पुठ्ठ्यावरून खरवडून काढणं मला सहन झालं नाही. मुलगी परवा पुस्तक बदलायला आली तेव्हा तिने आधी मागचं पान उघडून पाहिलं. आईने लिहून घेतलेलं कुणी वाचलं का, कुणी खाली काही लिहिलं का, हे तिला बघायचं होतं. तिथे वाळलेल्या खळीचा चौकोन होता.

कागद टाकून दिलेला नाही. रद्दीत जाण्याआधी तो मी मागून घेतला आणि माझ्याजवळ जपून ठेवला आहे. चार कोपऱ्यांपैकी एक फाटला आहे, बाकी सगळी अक्षरं शाबूत आहेत. मंडळाची पुढची बैठक सोमवारी आहे असं कळलं. संध्याकाळी सहाला मी तो घेऊन येते. मागची बाजू अजून कोरी आहे, आणि गार्डकाकांना मावशींच्या ताटांबद्दल काही लिहायचं आहे.

आपली,
वाचक मंडळातली एक सभासद,
सोलापूर